कोर्टातलं एकच बाकडं

आमच्या वेळचं कोर्ट म्हणजे कौलारू इमारत, पुढं लांब व्हरांडा आणि त्यात एकच बाकडं. ज्यानं मारलं तो तिथंच, जिनं मार खाल्ला ती तिथंच, साक्षीदारही तिथंच. सगळे मांडीला मांडी लावून पुकाऱ्याची वाट बघायचे.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. निपाणीत आमच्या शेजारी एक सून होती. नवऱ्यानं तिला भर दुपारी केसाला धरून घराबाहेर काढलं. मी दारात विड्या वळत बसलेली, सगळं डोळ्यांनी बघितलं. तिनं पोटगीचा दावा लावला, तेव्हा गल्लीनं अंग काढून घेतलं. मी म्हटलं, मी येते. माझ्याशिवाय तिला साक्षीदार नव्हता.

साक्षीच्या दिवशी आम्ही दोघी सकाळच्या एस.टी.नं नुसत्या चहावर निघालो. ती वकिलाबरोबर आत गेली आणि माझ्या शेजारी येऊन बसली तिची सासू. दुसरीकडं बसणार कुठं? म्हातारीनं माझं माहेर विचारलं, आपल्या गुडघ्यांचं रडगाणं सांगितलं, मग फडकं सोडलं. भाकरी आणि लसणीची चटणी.

"खा गं लेकी, उपाशी दिसतीस."

नको नको म्हणत मी खाल्ली. पुढं केलेली भाकरी परत लोटायची आम्हाला सवयच न्हाय.

पुकारा झाला. साक्षीदाराचा पिंजरा नेमका दारासमोर. वकिलानं विचारलं, बाईला बाहेर काढताना तुम्ही बघितलं काय? उघड्या दारातून म्हातारी दिसत होती, फडकं झटकत. माझ्या तोंडात अजून लसणीची चव.

"आवाज ऐकला," मी म्हटलं. "बघितलं न्हाय."

कारकुनानं ते लिहून घेतलं. नुकतीच शिकलेली माझी सही मी त्याखाली केली.

परतीच्या एस.टी.त ती सून माझ्या शेजारीच बसली. माझ्या तोंडाचा लसणीचा वास तिला आला असणार. मग म्हणाली, "आक्का, भूक लागली होती तर सांगायचं की. माझ्या पिशवीत होती भाकरी."

पोटगी मिळाली न्हाय. ती भावाकडं गेली, पुन्हा भेटली न्हाय.

ऐंशीनंतर नवं कोर्ट झालं. वाटणीच्या कामाला गेले तर साक्षीदारांना निराळी खोली, बायकांना निराळी. बरोबर आलेल्या माझ्या लेकीला मी सांगायला लागले, तेव्हा अशी एक भिंत असती तर माझ्या हातून... आणि तिथंच थांबले. ती शेजारची सून तर दर तारखेला त्याच बाकड्यावर, त्याच सासूशेजारी बसत होती. तिनं कधी शब्द फिरवला नव्हता.