बिजलीची चंदी

दामूअण्णा, तुम्हीच सांगा, भरोसा ठेवावा कोणावर? घोड्यावर, घोड्याच्या मालकावर, का मधल्या माणसांवर? नवाबसाहेबांच्या जालन्याच्या पागेत मी घोड्यांची चंदी, म्हणजे भरडलेला हरभरा, पोचवत आलो. दर खेपेला पोती तिथं उतरायची अन् किस्से गाडीत चढायचे!

*

शर्यतीचे घोडे पावसाळाभर आराम करायचे अन् थंडी पडली की मैदानावर परत यायचे. अशाच एका सकाळी नवाबसाहेब शाल पांघरून पाहणीला आल्ते. सगळ्या घोड्यांच्या बरगड्या दिसून राह्यल्या होत्या. शेवटचा एक मात्र तुकतुकीत!

"वाह! ये किसका है?"

बिजली घोडीचा सईस, म्हणजे तिची देखभाल करणारा, इब्राहिमचाचा भोळेपणानं बोलून गेला, "हुजूर, ये तो दारोगासाब के टांगे का है!"

पागेचा दारोगा हसला. तसं हसणं मी बाजारात लई पाह्यलंय.

*

चाचाचा जीव बिजलीत. चाची माझ्याकडं तक्रार करायची, "शेठजी, माझी कंबर मोडली तरी यांना ऐकू येत न्हाई. घोडी शिंकली की उठून बसतात!"

मागल्या मोसमात बिजलीचा पाय मुरगळला होता. दारोगानं चाचाला बजावलं, "संक्रांतीपर्यंत धावली न्हाई, तर घोडी विकायची. अन् घोडी न्हाई तर सईस कशाला?"

*

तेवढ्यात हैदराबादेहून नवा मुन्शी आला. मी हाळी दिली, "बिजलीची चंदी उतरवा!"

मुन्शी दचकला. "घोडी को चांदी? बोरे भर के?"

झालं! पोती कोठीत, कोठीला कुलूप, बाहेर बंदूकवाला पहारा. हरभऱ्याला!

मी हात जोडले, "मुन्शीजी, ही खायची चंदी हाय."

"इधर सब खाते, इसीच वास्ते ताला डाला!"

किल्ली ठेवली कोणापाशी? दारोगापाशी. मंग काय! बिजली वाळल्या कडब्यावर राह्यली. टांग्याचा टट्टू बिलकुल सुकला न्हाई.

*

संक्रांतीला बिजली धावली. सगळ्यांत मागं. पाय बरा होता, दम नव्हता. चाचा कोठीकडं बोट दाखवून काही सांगाया गेला, तर नवाबसाहेब म्हणाले, "बेच दो."

दारोगानंच घेतली. टांग्याला. चाचाला त्याच दिवशी पागेतून काढलं. मी तिथंच उभा होतो अण्णा, अन् मुकाट्यानं पोती उतरवून घेत होतो.

*

पुढल्या थंडीत घोडे पुन्हा मैदानावर आले. बघ्यांत चाचा घोंगडी सावरत उभा. दारोगा टांग्यातून आला. तिकडं घोडे सुटले, अन् इकडं बिजलीनं कान टवकारले. टांग्यासकट उधळली! दारोगा ओरडून राह्यला, "रोको! रोको!" अन् टांगा एकेका घोड्याला मागं टाकत नवाबसाहेबांच्या पुढ्यातून गेला.

"वाह! ये किसकी है?"

बघ्यांतून चाचाचा आवाज आला, "हुजूर, ये तो दारोगासाब के टांगे की है!"

नवाबसाहेबांनी अंगावरची शाल काढली अन् दारोगाच्या खांद्यावर टाकली.

उद्यापासून पागेची चंदी माझ्याजागी तुम्ही पोचवणार, अण्णा. हिशोब तेवढा सरळ ठेवा.