तिसरा रॉड

माणसं ओळखण्यात मी कच्चीच. यंत्रं ओळखते याचा मात्र लई तोरा होता.

चंद्रावर पाठवायचा, ओंजळीत मावेल एवढा मास स्पेक्ट्रोमीटर मी करत होते. नाव जड, काम साधं: वायूचे रेणू वजनाप्रमाणे निवडून वेगळे दाखवायचे. त्याचं काळीज म्हणजे पेन्सिलीहून बारीक चार रॉड, एकमेकांना तंतोतंत समांतर. केसाची जाडी सत्तरएक मायक्रॉन. मला चूक दोनच्या आत हवी होती. यानावर जागा एकच रिकामी होती आणि आमच्यासोबत दुसरी एक संस्थाही रांगेत होती.

रॉड घासून द्यायचे चिकलठाण्याचे उस्ताद. मूळचे गंगापूरकडचे शेतकरी, पण आपल्याकडं हातात कसब असलं की माणूस उस्तादच होतो. कॉलेजात असताना लेथवर हात ठेवायला मला त्यांनीच शिकवलं. चार-चार रॉडचे तीन संच त्यांनी करून दिले; प्रत्येक संचासोबत मोजमापाचा तक्ता द्यायचे, खाली सही. "ताई, वर पाणी सापडलं तर पहिलं मला सांगायचं," म्हणायचे. मी येडी हरखून जायचे.

चाचणीत आलेखावरचं पाण्याचं टोक शेजारच्या टोकात मिसळलं, पाणी वेगळं दिसेना. आठ महिने मी माझ्याच सर्किटला शिव्या घातल्या, तीनदा बदललं. रॉडवर संशय? छे, उस्तादांच्या हातचे ते. यानावरची जागा दुसऱ्यांना गेली.

त्यानंतर वाळूजला एका ओळखीच्याकडं रॉड मोजून घेतले. तिसरा नऊ मायक्रॉननं वाकडा होता. घरी येऊन तिन्ही संचांचे तक्ते शेजारी मांडले. आकडे तेच, शेवटच्या घरापर्यंत तेच. खोलीचं तापमानही तेच, वीस अंश. त्यातला एक तक्ता मे महिन्यातला, आणि त्या दिवशी मी त्यांच्याकडंच होते, एसी बंद पडलेला. माझ्याच ड्रॉइंगनं मी वारा घेत बसले होते. डोळे असून आंधळी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गेले. त्यांनी नेहमीसारखा चहा सांगितला. मी तक्ते पुढं ठेवले आणि विचारलं, "हे मोजलंय तुम्ही?"

"पहिला संच मोजला होता," ते म्हणाले. "पुढचे नाय."

निदान खोटं तरी बोलायचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जमत नव्हतं तर सांगायचं होतं. मी मुदत वाढवून घेतली असती."

"जमत नव्हतं असं नाय, ताई." ते तक्त्यांकडं बघत राहिले. "मला वाटलं, हे कुठं जायलंय वर. असली कामं कागदावरच राहतेत. तुमचं मन मोडू नये म्हणून करून द्यायलो होतो."

आळस मी पोटात घातला असता, हलगर्जीपणाही. पण माझ्या कामावर कुणाचाच भरवसा बसत नव्हता तेव्हा ज्याच्या भरवशावर मी टिकून राहिले, तो माणूस इतकी वर्षं माझी नुसती समजूत काढत होता.