चार तास झोपनारी लेक

तवा क्वार्टरात आम्ही तिघी व्हतो: मी, माझी धाकटी लेक आन् तिची चार महिन्यांची पोरगी. जावई फौजेत, ते महिनाभर सरावाला गेलेले. समोरच्या दारातली पंजाबी बाई दुपारची डोकावून जायची, तिलाबी धरा. येवढीच मानसं.

चंदीगडजवळची ही चंडीमंदिरची फौजी वसाहत शांत. तरी पोरगी दिवसा झोपंना. दूध पिऊन डोळा लागला की कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत जागी. लेकीनं खिडकीला काळा कपडा लावला, बेल बंद केली. मला म्हनाली, "आई, बांगड्या वाजतात गं." मी त्या कोपरापतूर सारल्या. किती झोपली ते ती मोबाईलमधी लिवायची. बावीस मिंटं. एकोनीस मिंटं. मग परत झोपवाया तासभर खांद्यावर घिऊन फिरायची. ती दमली की मी फिरायची. गुडघं जात्यावानी वाजायचं.

समोरची बाई म्हनायची, "माताजी, फिर जाग गई? फौजी की बेटी है जी, संतरी ड्यूटी दे रही है!"

लेकीला हसू आलं न्हाई. तिच्या चहाचा कप तिसऱ्यांदा गार झालेला.

एका दुपारी पोरगी उठली तशी लेक फरशीवरच बसली. पाळन्याकडं गेलीच न्हाई.

"तू उन्हात तण काढत भांगलायचीस आणि मी बांधावर चार-चार तास झोपायचे. तूच सांगतेस सगळ्यांना. मला पंख्याखाली बसून जमत नाही. माझ्यातच काहीतरी खोट आहे."

मी सांगायची, खरंय. तिच्या लग्नात विहीनबाईलाबी सांगितलं: लेक लई गुनाची, झोपली की चार तास हूं न्हाई का चूं न्हाई. सांगून सांगून मलाच ते खरं वाटाया लागलं व्हतं.

मी पोरीला उचललं. मग बोलले.

"तुला अफू चाटवायची मी."

पोरीला थोपटत मी म्होरं सांगितलं.

"दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. तू रडलीस म्हून बांधावर पळाले की मालकीन म्हनायची, 'पोर पाजाया आलीस का कामाला? उद्या येऊ नगंस.' समद्याच बाया चाटवायच्या. सासूबाईंनीच डबी दिली हातात."

"म्हणजे मी झोपत नव्हते, आई. गुंगीत होते."

"व्हय."

"किती दिवस?"

"कांद्याची भांगलन चालली तवर. एक दिवस दिवेलागन झाली तरी तू डोळा उघडंनास. ओठ काळंनिळं. तळपाय चोळलं, तोंडावर पानी मारलं. लई येळानं रडलीस. तशीच डबी उकिरड्यात पुरली."

"आणि मग?"

"मग तूबी हिच्यायेवढीच झोपायचीस. पाठीला बांधून भांगलायची मी तुला. मालकिनीनं काढून टाकलं. दुसऱ्या रानात गेले."

सांजेपतूर लेक माझ्याशी बोलली न्हाई. मी भांडी घासली, दुपटी वाळत घातली. तिनं मला गावाकडं जायचं तिकीट काढून हातात ठेवलं असतं, तरी मी काय म्हननार व्हते?

ऊन उतरल्यावर ती आली. पोरीला पाजून माझ्या मांडीवर ठेवलं.

"मी आडवी होते. उठली तरी हाक मारू नकोस."

मोबाईल वट्यावरच ठिऊन गेली.

पोरगी वीस मिंटांत उठली. डोळं लख्ख, पाय झाडतीय. मला बरं वाटलं. गुडघ्यात कळ येत व्हती, तरी तिला घिऊन मागल्या अंगनात येरझाऱ्या घालत राहिले. आत लेक तोंड उघडं टाकून घोरत व्हती. आठ वाजेपतूर उठली न्हाई. मी दोनदा जाऊन तिच्या नाकाशी हात धरून आले.

चौथीपतूर शिकलेली हाय, जमलं तसं लिवलं. वाचनाऱ्याला येवढंच सांगनं: कुनी म्हातारी म्हनाली, आमची पोरं चार-चार तास झोपायची, तर ते ऐकून घरातल्या बाळंतिनीला बोल लावू नगा. तिच्या हातातलं पोर घ्या, आन् तिला घडीभर पडू द्या.