मेमरीत ठाण मांडून बसलेला

हल्ली कुणाचा मोबाइल जरा हळू चालला की लगेच "व्हायरस आला असेल" म्हणतात आणि मोकळे होतात. माझं डोकं फिरतं. अरे, व्हायरस म्हणजे काय ते मला विचारा! मी तो शोधलाय आणि माझ्या हातांनी हाकललाय. तोही कोकणात, खेडला, जेव्हा अख्ख्या बाजारपेठेत कम्प्युटर म्हटलं की लोक आमच्याच क्लासकडे बोट दाखवायचे.

क्लास मूळचा टायपिंगचा. मालकांनी हौसेने दोन कम्प्युटर आणले. सोबत आलेलं पुस्तक वाचून ते चालवून दाखवणारी मी एकटीच निघाले, म्हणून टायपिंगवरून उचलून मला तिथे बसवलं. मी सावर्ड्याची. बाबा मुंबईला नोकरीला. सुट्टीवर गावी आले की आमच्या बौद्धवाडीत दिसेल त्याला थांबवून सांगायचे, "आमची पोरगी कम्प्युटर शिकवते." मी वरवर चिडायची. पण खोटं कशाला बोलू, ऐकायला फार बरं वाटायचं.

मालकांचा एक नेम होता. सकाळी येऊन दोन्ही मशीनना अगरबत्ती ओवाळायची, कुंकवाचं बोट टेकवायचं आणि स्वतःच्या हाताने ती सुरू करायची. मग दिवेलागणीपर्यंत बंद करायची नाहीत. चालतं मशीन मधेच विझवलं तर अपशकुन, शिवाय आतली डिस्क जळते, असं त्यांच्या मनाने घेतलेलं. मशीन अडकलं तर कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबून पुन्हा सुरू करा, पण विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. शिकायला येणाऱ्या मुलींनी तर तो क्लासचा पहिला धडा म्हणून पाठ केलेला.

त्या वर्षी गणपतीला मालकांकडे मुंबईचे पाहुणे आले आणि येताना खेळांची एक फ्लॉपी घेऊन आले. सगळ्यांनी हौसेने खेळून घेतलं. पाहुणे परतले आणि आमची मशीन रडायला लागली. पत्र लिहायचा प्रोग्राम उघडता उघडेना, हिशेबाचा मधेच गोठायचा. मी बिघडलेला प्रोग्राम पुसायची, मूळ फ्लॉपीवरून नवा घालायची. थोडा वेळ चालायचा, की पुन्हा तेच.

मालकांचा धीर सुटला. सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "तुझ्याच्यानं नाय व्हायचं हे. चिपळूणहून एक सर बोलावलेत, सोमवारपासून ते शिकवतील. तू आपली टायपिंगला बस गो."

डोक्यात अशी तिडीक गेली! टायपिंग काही वाईट नव्हतं, पण नालायक ठरवून तिथे पाठवलेलं मला चालणार नव्हतं. आणि बाबांना काय सांगणार होते मी?

शनिवारी मुली गेल्यावर मी ठरवलं, आज हा काय प्रकार आहे ते बघायचंच. पत्राचा प्रोग्राम नव्याने घातला आणि यादीत त्याचा आकार पाहिला. मूळ फ्लॉपीवर होता तेवढाच. प्रोग्राम एकदा चालवला, बंद केला, पुन्हा आकार पाहिला. वाढलेला! हिशेबाचा चालवला, तोही तेवढ्याच मापाने फुगला. मुलींनी लिहिलेली पत्रं मात्र होती तशीच. म्हणजे हा व्हायरस फक्त प्रोग्रामच्या शेपटीला स्वतःची नक्कल जोडत होता. पण मी नवाकोरा घातलेला प्रोग्राम त्याच्या हाती लागत होता कसा? याचा अर्थ तो फाइलमध्ये तर होताच, शिवाय मशीनच्या चालत्या मेमरीत ठाण मांडून बसलेला होता. दारात बसलेल्या आगाऊ पाहुण्यासारखा, जो जाईल त्याच्या पिशवीत आपली पुरचुंडी कोंबत होता. सकाळी मशीन सुरू होताना जो पहिला प्रोग्राम चालायचा, त्यालाच लागण झालेली. मालक अगरबत्ती ओवाळून, हात जोडून रोज त्यालाच आत घेत होते!

आणि मेमरी खात्रीने रिकामी करायची तर वीज तोडायला हवी. नेमकं तेच आमच्याकडे निषिद्ध.

मी उठले आणि भर दुपारी खटकन दोन्ही मशीन बंद केली.

"अगो, काय केलंस हे!" मालक बाहेरून धावतच आले. चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "जळलं तर सोमवारी टायपिंगलासुद्धा येणार नाही. आता मधे बोलू नका." इतकं तोंड मी कधी वर केलं नव्हतं. तेही बिचारे खुर्चीत मटकन बसले.

मूळ फ्लॉपीच्या खाचेवर पट्टी चिकटवलेली होती, म्हणजे तिच्यावर कुणालाच काही लिहिता येत नव्हतं. ती घालून, तिच्यावरूनच मशीन सुरू केलं, म्हणजे लागण झालेला तो पहिला प्रोग्राम चाललाच नाही. मग फुगलेला एकेक प्रोग्राम पुसला, नवा घातला, चालवला, आकार पाहिला. तेवढाच. पुन्हा चालवला. तेवढाच! मालकांना स्क्रीनवरचे आकडे बोट ठेवून दाखवले. त्यांना कळलं किती कुणास ठाऊक, पण मशीन पळत होतं ते दिसत होतं. दुसरंही तसंच साफ केलं. पाहुण्यांच्या फ्लॉपीवरचे खेळ मालकांनी स्वतः मला पुसायला लावले. त्या दिवशी मला स्वतःचा जो अभिमान वाटला, तसा लग्नात नटून बसले तेव्हाही वाटला नाही.

सोमवारी चिपळूणचे सर आले. त्यांना येऊ नका म्हणून कळवायचं मालकांच्या लक्षातच आलं नव्हतं. स्वभावाने चांगले होते हो, हसून नमस्कार केला, मशीनसमोर बसले आणि खिशातून आपली फ्लॉपी काढली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकच पुढे झाले आणि त्यांनी सरांचा हात धरला.

"थांबा, थांबा. आधी बाईंना दाखवा. त्या हो म्हणाल्या तरच आत घालायची."

सरांनी उठून मला खुर्ची दिली. मी फ्लॉपीवरची नुसती यादी पाहिली, चालवलं काहीच नाही: सगळे लिहिलेले धडे, प्रोग्राम एकही नाही. अगदी स्वच्छ होती. काढून सरांच्या हातात परत दिली.

"घाला," मी म्हटलं.