जाळीतला झेंडू

ही गोष्ट मी परवापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. आणि मी तर असा बोलका की माझ्या मूळव्याधीची हकिगत आमच्या घाटकोपरच्या चाळीत पोस्टमनलाही पाठ आहे!

परवा घरी सत्यनारायण होता. प्रसाद मीच वाटत होतो, नेहमीच्या आगाऊपणानं. शेजाऱ्यांबरोबर आलेल्या एका दाढीवाल्या पाहुण्यानं डावा हात पुढे केला. मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, प्रसाद डाव्या हातात? उजवा कर की!" लोक हसले. त्यानं शालीतून उजवा हात काढला. अंगठा होता. बाकी काही नव्हतं.

"उजवो खंय आसा आता, तात्यानू?" म्हणाला. हसूनच.

सखाराम! मी ओळखला नव्हता — की ओळखायचा नव्हता?

बारा-तेरा वर्षं झाली. अंधेरीच्या एका कारखान्यात डब्यांची झाकणं निघत. मी प्रेसवर साचे बसवायचो, सखाराम प्रेस चालवायचा. पायानं पट्टी दाबली की प्रेस खाली — दिवसभर तेच. हात आत जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असे. खंडेनवमीला यंत्र पुसायला मी ती काढली, भिंतीवर खिळ्याला टांगली. पूजेचा एक झेंडू तिच्यातही खोचला — तिलाही दसरा!

सुट्टीनंतर ती तिथंच राहिली. जाळीशिवाय काम भराभर होई, मालक खूश. आणि मालकापेक्षा मी खूश. सखाराम दोनदा म्हणाला, "तेवढी जाळी लावा, तात्यानू." मी काय म्हणालो? "एवढी भीती वाटते तर गावी जाऊन आंबे राख!" चारचौघांत. हशा मिळाला मला.

आठव्या दिवशी त्याची चार बोटं गेली.

बाकीचे त्याला इस्पितळात घेऊन धावले. आणि मी? मी पान्हा घेऊन जाळी बसवत होतो. हात थरथरत नव्हते — हेच सांगायला सगळ्यात जड जातं. झेंडू अजून तारांत अडकलेला होता. काढून खिशात टाकला.

चौकशीला सरकारी साहेब आले. जाळी होती का? होती साहेब, म्हणालो. त्यानंच बाजूनं हात घातला. बाकीचे खाली बघत राहिले. बेफिकिरी त्याची ठरली, नोकरी त्याची गेली. माझी राहिली. मला बायको-पोरं होती — त्यालाही होती.

तो गावी गेला. आंबे राखायला.

परवा पाहुणे पांगल्यावर बायको भांडी आवरत होती, तेव्हा तिला सगळं सांगितलं. झेंडूसकट. ती हातातलं तांब्याचं भांडं पुसतच राहिली. मग म्हणाली,

"तो झेंडू तुमच्या सदऱ्यात सापडला होता मला, धुवायला घेताना. वाटलं, पूजेचा माझ्यासाठी आणलात नि द्यायला विसरलात. अजून पेटीत आहे. लुगड्याच्या घडीत."