भाऊजींचे हॅडलोसाहेब

ताईचा फोन आला तेव्हा मी केंब्रिजला माझ्या कामाच्या टेबलाशी होते. "सुमा, हे गेले गं," एवढंच ती म्हणाली. माझं काम जुने, फाटके कागद सांधण्याचं. हातात एक ओला कागद होता, तो खाली ठेवायचंही सुचेना. तसाच धरून बसले... ताईचे यजमान श्रीधरराव, माझे भाऊजी. वॉटफर्डला राहून जन्मभर रेल्वेच्या सिग्नलचं काम केलेला माणूस. पाच आठवडे झाले, पण त्यांची आठवण निघाली की आधी ओठांवर येतं ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याचं नाव.

रिटायर झाल्यावर भाऊजी जवळच्या खेड्यातलं जुनं चर्च उघडून बसायचे, कुणी बघायला आलं तर माहिती सांगायला. "देवळातच बसतोय, फक्त देव दुसरा," असं ताईला सांगायचे. तिथल्या कपाटात त्यांना प्रवचनांची एक पेटी सापडली. जॉर्ज राजांच्या काळात त्या गावचे पाद्री असलेल्या रेव्हरंड टॉमस हॅडलो यांची. भाऊजी झपाटलेच. हॅडलो खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. केंब्रिजला श्रीमंत मुलांच्या पंगतीत वाढपी होऊन शिकला, मग कितीतरी वर्षं दुसऱ्या पाद्र्यांच्या हाताखाली राबला आणि केस पिकायला लागले तेव्हा कुठे त्याला स्वतःचं चर्च मिळालं. दर रविवारी घोड्यावरून दोन गावं करायचा. प्रवचन झालं की त्या कागदाच्या पाठीमागे नोंद ठेवायचा : हवा कशी होती आणि ऐकणाऱ्यांपैकी किती जण जागे होते. हे सांगताना भाऊजी इतके हसायचे की चष्मा काढून डोळे पुसावे लागत. जेवायला बसलं की पानात आधी हॅडलो. मी म्हणायचे, "भाऊजी, तुमचं गोत्र बदललं की काय?" तर म्हणायचे, "अगं, पोटाला चिमटा घेऊन शिकलेला माणूस आहे. आपल्यातलाच."

सहा वर्षं ते ती प्रवचनं एकेक अक्षर लावत उतरवून घेत होते. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये त्यांवर बोलायचेही. एकदा एक फाटलेलं प्रवचन घेऊन ते माझ्याकडे आले. मी ते भिंगाखाली धरलं. प्रत्येक 'डी'चं वळण तंतोतंत सारखं. बोटाने चाचपलं तर मागे छपाईचा दाब लागला. त्या काळी पाद्र्यांसाठी हस्ताक्षरासारख्या टाइपात छापलेली प्रवचनं विकत मिळायची. खाली बसलेल्यांना वाटावं, साहेबांनी स्वतः लिहून आणलंय. मला हे माहीत होतं, भाऊजींना नव्हतं. आणि मी... मी चक्क हसले. "अहो भाऊजी, हे रेडीमेड आहे. तुमच्या साहेबांनी गाइड वापरलंय." भाऊजींनी कागद माझ्या हातातून घेतला, फाइलमध्ये ठेवला आणि म्हणाले, "निघतो. ट्रेन आहे माझी." ट्रेनला अजून दीड तास होता.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे एकही कागद आणला नाही. तो फाटलेला त्यांनी घरीच सेलोटेपने चिकटवला, असं ताईकडून कळलं. माझ्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. दिवाळीला गेले तर "घे, चकली बरी झालीय," इतकं बोलणं नेहमीसारखं. पण हॅडलोचं नाव माझ्यासमोर निघेना. माफी मागायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा हवापाण्यावरच बोलले. त्यांची सहा वर्षं मी एका हसण्यात घालवली, हे मनातून जाईना. ताईच सांगायची, बाकीचीही छापीलच निघाली म्हणून ह्यांनी प्रवचनं बाजूला ठेवलीत, आता नुसत्या पाठीमागच्या नोंदी उतरवतायत. हॅडलोने आपल्या लहान मुलीला पुरलं, त्यानंतरच्या रविवारची नोंद ताईने मला फोनवर वाचून दाखवली. 'पाऊस. सगळे जागे. आज छापलेलं वाचवेना. व्यासपीठावरून खाली उतरलो.'

गेल्या आठवड्यात ताईने भाऊजींच्या भाषणांच्या टिपणांची फाइल माझ्या हातात दिली. "तूच ठेव, मला बघवत नाही." मी सवयीने पहिलाच कागद उलटा केला. मागे भाऊजींचं बारीक अक्षर : 'ऊन. आठ जण, सहा जागे.' हॅडलोची सवय त्यांनी कधी उचलली, आम्हाला पत्ताच नव्हता. मी घाईघाईने ते माझ्याकडे येऊन गेल्यानंतरचा महिना काढला. 'पाऊस. नऊ जण, सगळे जागे. आज छापील बाजू सोडून मागची सांगितली. खरा माणूस तिकडेच होता. सुमामुळे सापडला. तिला सांगायला हवं.' पुढच्या कागदामागे : 'धुकं. पाच जागे. सुमाला सांगायचं राहिलं.' त्याच्या पुढच्या : 'वारा. सात जागे. राहिलंच.' शेवटच्या कागदापर्यंत हेच... दर महिन्याला.

चर्चने ती पेटी आता माझ्याकडेच दुरुस्तीला पाठवली आहे. बाकीची सगळी प्रवचनं सांधून झाली. एकच उरलंय, ज्यावर भाऊजींनी वाकडीतिकडी सेलोटेप लावली आहे. तिने कागद पिवळा पडतो, ती आधी काढायची, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्या दिवशी सांगते. रोज सकाळी ते प्रवचन समोर घेते, आणि संध्याकाळी परत पेटीत ठेवते. काढायचं राहिलंय.