न पाडलेले नारळ

सुशीलाआत्या गेल्यावर काही आठवड्यांनी मी तंजावूरच्या कोर्टात गेले. तिच्या अपिलात वारस म्हणून माझं नाव लावायचं होतं. नव्या वकिलानं चौकशी केली आणि सांगितलं की अपील केव्हाच फेटाळलं गेलंय. पुकारा झाला तेव्हा आमच्या बाजूनं कोणी उभंच राहिलं नव्हतं… आत्या जिवंत असताना, कित्येक वर्षांपूर्वी.

दावा पापनाशमजवळच्या नारळाच्या बागेचा. आजोबांनी बाग आपल्याला दिली, असं आत्याचं म्हणणं. बाग आमची, असं तिच्या चुलतभावाचं, गोपाळरावांचं. खालच्या कोर्टात ते जिंकले. आत्यानं अपील केलं, तेव्हा निकाल लागेपर्यंत कोणीही नारळ घ्यायचे नाहीत, असं दोघांनी कोर्टाला लिहून दिलं.

आत्या शाळेत गणित शिकवायची. नुसत्या उत्तराला गुण न देणारी बाई. तिचं घर बागेला लागूनच. वारा सुटला की धपाधप नारळ पडायचे, पडल्या जागी त्यांना कोंब फुटायचे, आणि ही पिशवी घेऊन बाजारात नारळ आणायला निघायची. पडलेले तरी उचल, असं मी चिडून म्हणायचे. उचलणं म्हणजे घेणंच, असं तिचं ठरलेलं उत्तर. समोरच राहणारे गोपाळकाकाही त्याच दुकानातून नारळ आणायचे. त्याचं तिला फार कौतुक. धाकट्या भावाला आमच्याकडे तंबी म्हणतात. "तंबी भांडेल, पण दिलेला शब्द मोडणार नाही," असं ती चार लोकांत सांगायची.

तिच्या वकिलांनी वयामुळे काम सोडलं होतं, हे तिला कोणी कळवलंच नाही. ती त्यांच्या घरी खेपा घालायची. नंबर आला की सांगू, एवढं घरच्यांकडून ऐकून परतायची.

कोर्टातून मी थेट पापनाशमची बस पकडली. बागेत नारळ पाडणारे झाडांवर चढले होते आणि काका खाली खुर्ची टाकून बसले होते. अपील गेल्याचं तुम्हाला ठाऊक होतं का, असं मी विचारलं.

"ठाऊक नसायला काय? माझा वकील जागा होता."

"मग इतकी वर्षं पाडले का नाहीत?"

"पाडले असते तर अक्कानं दुसऱ्याच दिवशी कोर्ट गाठलं असतं. अपील पुन्हा उभं राहिलं असतं." मग म्हणाले, "कॉफी घेतेस ना?"

मी घेतली नाही.

अपील पुन्हा चालवायला घ्यावं, असा अर्ज आता केलाय. इतका उशीर का झाला, याचं कारण त्यात द्यावं लागतं. समोरच्या माणसाच्या शब्दावर तिचा विश्वास होता, असं लिहा म्हटलं. हे कारण चालायचं नाही मॅडम, आजारपण लिहू, असं वकील म्हणाला. आत्या एक दिवस अंथरुणाला खिळली नव्हती. शेवटच्या सकाळीही कपडे वाळत घालून मग गेली.

परसदारी तिची वेताची खुर्ची अजून बागेकडे तोंड करून आहे. तिच्यातच बसून मी अर्जावर सही केली. आत्यानं केली नसती. म्हणूनच तर ती हरली.